पूर्णेच्या सरांचा रुमाल

अंदाज या गोष्टीचा पूर्णेच्या सरांइतका तिटकारा असलेला माणूस उभ्या परभणी जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. रोज पूर्णेहून गाडीने यायचे, म्हणून ते पूर्णेचे सर. उशीर झाला की दारातूनच सांगायचे, "गाडी अठरा मिनिटं लेट. कारण माहीत न्हाई." कुणी म्हणालं, "क्रॉसिंग असेल," की सर चष्मा काढून त्याच्याकडे बघत विचारायचे, "तुमी गाडीत हुता का?" एकदा भाच्याच्या लग्नाहून परतले तेव्हा मी विचारलं, कसं झालं लग्न? म्हणाले, "मुहूर्त बारा एक्कावन्नचा, अक्षता पडल्या एकला. मधी नवरदेवाचा एक जोडा सापडत नव्हता." लग्न चांगलं झालं की वाईट, ते आपलं आपण ठरवायचं.

ही विद्यापीठाचं नामांतर व्हायच्या वर्ष-दोन वर्षं आधीची गोष्ट. स्टेशन रोडवर एका दुकानाच्या माडीवर आमचं कॉम्प्युटर सेंटर होतं. दोन कॉम्प्युटर, एक खडखडणारा प्रिंटर, मालक, कामाचे प्रमुख म्हणून सर आणि सेलूहून नुकतीच नोकरीला आलेली मी. गावोगावच्या माती तपासणीचे आकडे भरून, कुठल्या शेतकऱ्याने कोणतं खत किती टाकायचं याचे कागद छापून द्यायचे, हे आमचं मुख्य काम. फाईल उघडणं, नोंद शोधणं, छापणं यासाठी दुसऱ्यांनी लिहिलेले तयार प्रोग्रामचे संच, म्हणजे लायब्ऱ्या, आम्ही वापरायचो. अशा तीन होत्या आणि तिघींचे स्वभाव तीन. काही बिघडलं की एक मुकाट्याने उणे एक हा आकडा हातात ठेवायची, दुसरी पडद्यावर आरडाओरडा करायची, तिसरी घुम्यासारखी बसून राहायची. या तिघींना एका भाषेत बोलतं करायचं आणि त्या जे बोलतील ते वेळेसकट एका फाईलीत लिहून ठेवायचं, असं सरांनी मनावर घेतलं. तिन्हींवर मिळून एकच पातळ आवरण. त्याला ते रुमाल म्हणत.

रुमालाचा आराखडा करताना आम्ही पंधरा दिवस भांडलो. मला रंगीत अक्षरं हवी होती, सात प्रकारचे इशारे हवे होते. सरांनी एकेक खोडत तीनच प्रकार ठेवले: माहिती, इशारा आणि चूक. "ताई, गरम भगुनं उतरवायला रुमाल लागतो, गोधडी न्हाई." डिस्क भरली तर काय करायचं, या प्रश्नावर ते जेवणाचा डबा झाकून कागद-पेन्सिल घेऊन बसले. शेवटी ठरलं, जागा नसेल तर रुमालाने गप्प बसायचं, पण मुख्य काम अडवायचं नाही. "कुंपणानं शेत खायचं न्हाई!" मी एकदा संदेश लिहिला, 'काहीतरी चुकलं'. सर उठूनच उभे राहिले. "काहीतरी म्हंजे काय? कुटं चुकलं? काय मागितलं हुतं, काय आलं? आन् कुणामुळं ते लिवू नका, काय झालं तेवढंच लिवा." त्या प्रश्नांवर मी पुढे सगळी नोकरी निभावली.

पेरणीच्या तोंडावर एके सकाळी येलदरीकडच्या एका गावाचे ग्रामसेवक तणतणत माडी चढून आले. एकवीस शेतकऱ्यांच्या कागदांवर शेजाऱ्याचेच आकडे छापले गेले होते. आकडे भरले होते मी. मालकांनी ग्रामसेवकांसमोरच मला सांगितलं, "बाई, उद्यापासून येऊ नका." एकटीने परभणीत राहून नोकरी करू द्यायला वडील मोठ्या मुश्किलीने तयार झाले होते. असा ठपका घेऊन सेलूला गेले असते, तर पुन्हा घराबाहेर पडणं संपलंच असतं.

"मालक, अंदाज नको," सर म्हणाले. "लिवलेलं हाय, ते वाचू."

त्यांनी रुमालाची फाईल उघडली. मी भरलेला प्रत्येक आकडा जागच्या जागी होता. पुढे मात्र एकच ओळ एकवीस वेळा: 'चूक: नोंद सापडली नाही'. प्रत्येक ओळीसमोर बेचाळीस-अ, बेचाळीस-ब असे वाटण्या झालेल्या जमिनींचे गट नंबर. ते नंबर लायब्ररीला ओळखताच आले नव्हते. तिने तसं सांगितलं होतं, रुमालाने ते टिपलं होतं, पण छापणारं फंक्शन त्याकडे न बघता आधीच्याच शेतकऱ्याचे आकडे छापत सुटलं होतं. सरांनी बोट त्या ओळींवर ठेवूनच मालकांना सांगितलं, "ह्ये फंक्शन माझं हाय. प्रोग्राम एकवीस बार बोंबलला, म्या कान दिला न्हाई. ताईंची काय बी चूक न्हाई."

माझी नोकरी राहिली. सरांचं प्रमुखपद मात्र आठवडाभरात गेलं आणि मालकांनी त्यांना नव्याने काढलेल्या टायपिंगच्या वर्गावर बसवलं. पहिल्या दिवशी कसं काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाले, "सात जण आले. पाच जण बसले. पंखा बंद."

पण ते नंतरचं. फाईल उघडली त्याच्या दुसऱ्याच दिवशी दुरुस्त कागद घेऊन सर त्या गावाला निघाले आणि मीही बरोबर गेले. एकवीस घरं आम्ही पायी फिरलो. प्रत्येक दारात सर हात जोडून म्हणायचे, "माझ्याकडनं चुकलं, ह्यो कागद धरा." एका बाईंनी जुना कागद घडीतून काढून परत दिला. "बरं झालं आलात भाऊ, उद्याच आमी टाकायलो हुतो खत," त्या म्हणाल्या, आणि आम्हाला पाणी दिलं.

परतताना जिंतूरच्या स्टँडवर बसची वाट बघत होतो. मी धीर करून विचारलं, "सर, त्या एकवीस ओळी पुसल्या असत्या तर कुणाला कळलं असतं?" सरांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणाले, "तुमी सकाळपासनं काय खाल्लं न्हाई," आणि समोरच्या गाड्यावरून भाजक्या शेंगांचा पुडा घेऊन आले. सर आता नाहीत. आभार मानायचे तर तिथेच मानायला हवे होते. पण शेंगा गरम होत्या, भूक खरीच लागली होती, आणि परभणीची बस लागेपर्यंत आम्ही दोघं सोलून खात उभे राहिलो.