एका बिळातल्या दोन मुंग्या

माझं ते पिवळं पत्रक अजून तुमच्या घरात आहे का? 'टेकडी आमची आहे' असं ठळक छापलेलं, दुसऱ्या पानावर मुंगीचं चित्र असलेलं? असेल तर हे वाचून होईपर्यंत हाताशी ठेवा.

परवा पुण्याहून सकाळच्या एसटीनं पनवेलला उतरलो, तेव्हा खिशात काचेच्या दोन कुप्या होत्या. एकीत थोराड डोक्याची तांबूस मुंगी, दुसरीत तिच्या डोक्याएवढीही नसलेली बारकी. दोन्ही मीच तळोज्यापलीकडच्या एका टेकडीवरून आणलेल्या. भरावासाठी ती टेकडी फोडायची आहे. या दोन वेगळ्या जाती आहेत, असं मी धरून चाललो होतो. त्यातली ही थोराड डोक्याची जात जगात फक्त इथेच आहे, असं मी बेधडक छापलं होतं. तिला गावाचं नावही देऊन टाकलं होतं. टेकडी फोडण्यावरच्या सोमवारच्या सुनावणीत गाव याच मुद्द्यावर उभं राहणार होतं. जाणकाराचा एक कागद तेवढा हवा होता.

म्हणून जुन्या पनवेलात लिमये बाईंकडे गेलो. आयुष्यभर कॉलेजात मुंग्या शिकवून त्या निवृत्त झाल्या आहेत. चहा माझ्यापुढे ठेवून त्या सूक्ष्मदर्शकावर वाकल्या.

"चिठ्ठीवर ठिकाण आहे, तारीख आहे. बिळाचा नंबर कुठाय?"

"तो लागतो?"

"मग दोन जाती कशावरून ठरवल्यास?"

"डोकं केवढं मोठं आहे, बाई!"

"तुझंही बरंच मोठं झालेलं दिसतंय. डोकं सोड. मिशांची पेरं बघ, कमरेच्या गाठी बघ. सारख्याच आहेत." त्यांनी चष्मा पुसला. "एकाच घरातली एक शिपाई, एक कामकरी असेल. पण ते बीळच सांगेल. रिक्षा बोलव."

तळोज्याला कारखान्याची पाळी सुटली होती. धुराच्या वासानं रिक्षावाल्यानं नाकाला रुमाल बांधला. मी खाली मान घालून कुप्या घट्ट धरून बसलो होतो.

टेकडीच्या पायथ्याला जनाआजीचं शेत आहे. मागच्या खेपेला तिनंच मला वर नेलं होतं. आम्ही कशासाठी आलोय ते ऐकून तिनं खुरपं घेतलं आणि पातेरा (गळलेला पाला) बाजूला सारून एका दगडाखाली खणलं. एकाच भोकातून दोन्ही मुंग्या बाहेर आल्या. थोराड मुंगीच्या डोक्यावर चार बारक्या आरामात बसल्या होत्या.

"ही एकाच घरची हायेत," आजी म्हणाली. "दाना टाक, मोटी फोडते, बारक्या नेतान. ल्हान होते तवापासून बगते मी."

"मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तू इचारलंस कवा? मी झऱ्याचं सांगाय लागले, त तू वही मिटलीस."

खरं होतं. टेकडीतला झरा गावच्या विहिरीला पाणी देतो, असं ती सांगत होती. पाणी सगळेच सांगतात, मुंगी कोण सांगतो, असं मला वाटलं होतं. कान तापले. बाई दुसरीकडे पाहू लागल्या, ते तर जास्तच लागलं.

दुपारी आजीनं तांदळाची भाकरी आणि सुकट (वाळवलेला जवळा) वाढली. मी ताट बाजूला सारलं. ओटीवर जमलेल्या माणसांसमोर उभा राहिलो आणि सांगितलं, मी चुकलो. दोन्ही मुंग्या एकाच जातीच्या, आणि बाई म्हणतात, ही साधी जात सगळीकडे मिळते.

आजीचा पुतण्या उसळला. "आता सायेब हसतील. मुंगी खोटी, म्हंजे गाव खोटा! आमी काय सांगायचं त्यांना?"

लिमये बाईंनी 'एकच जात' असं लिहून खाली सही केली. मग आजी म्हणाली, "लिव आता. झरा." मी जमिनीवर बसलो आणि ती सांगेल ते उतरवलं: कोणत्या महिन्यात विहिरीच्या किती पायऱ्या पाण्याखाली असतात, गेल्या उन्हाळ्यात शेजारची टेकडी फोडल्यावर तिथली विहीर कशी आटली. दोन पानं भरली. एकही विशेषण घालायचं धाडस झालं नाही.

परतीच्या एसटीत रिकाम्या कुप्या खिशात वाजत होत्या. लहानपणापासून पत्रकं वाचत, वाटत आलो. खोटं छापणारे नेहमी समोरचे असतात, असंच समजत होतो. यावेळी छापणारा मी होतो, आणि ज्यांच्यासाठी छापलं त्यांनाच मान खाली घालायला लावली.

सोमवारी समोरच्यांच्या हातात ते पिवळं पत्रक असणारच. तेव्हा आज एवढं करा: पेन घ्या, दुसऱ्या पानावरच्या मुंगीच्या परिच्छेदावर काट मारा आणि बाजूला लिहा, 'लेखकाची चूक. झऱ्याबद्दल गावाला विचारा.' मग तुम्ही ते ज्याला वाचायला दिलं होतं, त्याच्याकडे पुन्हा घेऊन जा.