दातातला दोरा

करोनाच्या टाळेबंदीत बायकोचं पार्लर बंद झालं आणि मला दुपारी गरम भाकरी मिळू लागली. भाकरी खाताना मला बरं वाटे आणि बरं वाटलं म्हणून अपराधी वाटे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. शाळा बंद, पगार चालू. तेही मनाला टोचायचं. शेवगावच्या आमच्या घरातली पुढची खोली म्हणजे तिचं पार्लर. दुपारभर ती तिथल्या खुर्चीत आरशाकडे पाठ करून बसायची.

"होईल सगळं सुरळीत," मी म्हणालो.

"मास्क लावून? दोरा काय नाकात धरू?"

तेव्हा कुठे मला तिची भीती कळली. भुवया करताना ती दोऱ्याचं एक टोक दातात धरायची. सगळा ताण तिथून यायचा. आमच्याकडे बायका पार्लरला येतात त्या मुख्यतः आयब्रो करायलाच. उद्या परवानगी मिळाली तरी तोंड झाकलेलं राहणार. आणि दुसरीच्या दातातला दोरा त्या दिवसांत कपाळाला कोण लावून घेणार? इतक्या वर्षांचा बसलेला हात एकदम परका झाला होता.

अशात बसस्टँडमागच्या पार्लरवालीचा व्हिडिओ कॉल आला. एका नवरीच्या मेकअपवरून दोघींचं बोलणं बंद होतं.

"रुसवा नंतर काढ गं. हे बघ, दोऱ्याचा फास मानेत अडकवायचा. दाताचं काम मान करती."

"मला जमंल का?"

"मला तरी कुठं जमतंय? नवऱ्याला बसव. माझा बसलाय बघ."

तिच्यामागे एक गृहस्थ दोन्ही हातांनी पापणी ताणून निमूट बसले होते. मला त्यांची दया आली. मग आपण नुसतीच दया करतोय याची लाज वाटली, म्हणून मीही खुर्चीत बसलो.

मग रोज दुपारी हा वर्ग भरू लागला. गावातल्या आणखी पार्लरवाल्या कॉलवर आल्या. प्रत्येकीमागे एक नवरा, डोळ्यांत पाणी.

"भाऊजींच्या भुवया लई दाट हायेत गं. पुरवून वापर."

"नजर नको लावू," बायको म्हणाली.

पण दोरा काही बायकोच्या ताब्यात येईना. "माझ्यानं नाही होत, बंदच करते पार्लर," असं ती म्हणाली त्याच दुपारी मला शिंक आली. त्या दिवसांत शिंक म्हणजे गुन्हा. ती दाबायला गेलो, डोकं हललं आणि डावी भुवई निम्म्यावर संपली.

पडद्यावर सगळ्या कॅमेऱ्याजवळ सरकल्या. मग आवाज आला, "भाऊजी, ताप हाय का?"

"नाही हो, शेजारी मिरचीची फोडणी दिलीय."

"मग उरलेली पन काढून टाक गं. जोडी तरी लागंल."

बायको हसायला लागली ती थांबेचना. एवढ्या दिवसांत ती पहिल्यांदाच हसत होती. पार्लर बंद करायचं पुन्हा तिनं काढलं नाही, आणि दोराही हळूहळू वळणावर आला.

दुसऱ्या दिवशी माझी तपासणी नाक्यावर ड्यूटी; तेव्हा शिक्षकांनाही ती लागायची. तिनं पेन्सिलनं भुवई काढून दिली. उन्हात ती गालावर उतरली.

"गुर्जी," हवालदार म्हणाला, "लई अभ्यास झाला वाटतं. शाई गळायलीय."

परवानगी मिळाली त्या सकाळी बायको मास्क लावून तयार होती. गिऱ्हाईक येईना. बायका आत डोकावत आणि पुढे जात. मी धीर द्यायला तोंड उघडणार, तोच बसस्टँडमागची पार्लरवाली स्वतःच्या दुकानाचं शटर खाली ओढून आली.

"माझ्याकडंबी कुनी न्हाई. कर माझ्या भुवया. दार उघडं ठिव, लोकांना दिसू दे."

"चुकलं तर?"

"नंतर तुझ्या मीच करनार हाय, ध्यानात ठिव."

ती डोळे मिटून मान मागे टाकून बसली. बायकोनं दोरा मानेत अडकवला. दोऱ्याची करकर सुरू झाली. दारावरून जाणाऱ्या दोन बायका थबकल्या.

"दोरा तोंडात न्हाई ना धरत?" एकीनं विचारलं.

"मानेत हाय," खुर्चीतून डोळे न उघडताच उत्तर गेलं. "या, बसा तिकडं. माझी अजून एक बाजू राहिलीय."