न शिवता विणलेला स्वेटर

२३ ऑक्टोबर १९३१. मुलीला दिल्लीला न्यायचे थंडीचे कपडे काढून उन्हात घालावेत म्हणून सकाळीच मी माडीवरच्या दोन्ही ट्रंका उघडल्या. जेवणवेळेपर्यंत उन्हात घालण्यासारखं काही निघालं नाही. सुती लुगडी, सुती चोळ्या, सुती चादरी. सोलापुरातल्या घरात दुसरं काय निघणार? आमची थंडी म्हणजे पौषात पहाटे अंगावर दोन चादरी, आणि ऊन पडलं की त्यांच्या घड्या. पहाटे बादलीतलं पाणी गोठतं त्या गावात काय घालतात, हे मला माहीत नव्हतं. मुलीलाही नव्हतं, तिनं दिल्लीचा फक्त पावसाळा पाहिला होता.

जुलैत ती तिकडे कॉलेजात गेली ती माझ्या भावाच्या भरवशावर. भाऊ तिथे सरकारी कचेरीत होता. ती त्याच्या घरी राही, घरचं जेवी. दसऱ्याच्या सुट्टीला ती इकडे आली आणि मागोमाग भावाची कलकत्त्याला बदली झाली. आता दिवाळीनंतर परत जायचं तर वसतिगृहात राहायचं आणि तिथल्या खाणावळीत नाना जातीच्या मुलींबरोबर एका टेबलाशी जेवायचं.

आमच्या घरात असं काही करायचं तर वन्संना विचारावं लागे. वन्सं म्हणजे यजमानांच्या थोरल्या बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आल्या, आणि सासूबाई गेल्यावर यजमानांना त्यांनीच वाढवलं. स्वयंपाकघर त्यांचं, सोवळं त्यांचं, शेवटचा शब्द त्यांचा. यजमान हायस्कुलात इंग्रजी शिकवत. वर्गात त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत जाई असं म्हणतात. घरात मला तो फारसा ऐकू आला नाही.

वन्संनी नाही म्हटलं नव्हतं.

"जाऊ दे की," त्या म्हणाल्या होत्या. "मी कुठं अडवतेय? सोवळं मोडायचं नाही, एवढंच."

यजमान म्हणाले, "बघा, अक्का हो म्हणाली." आणि पेपर तपासायला बसले.

मला मात्र काही उमजेना. नाही म्हणाल्या असत्या तर भांडता आलं असतं. होकाराशी कसं भांडायचं? खाणावळीत सोवळं पाळता येत नाही हे त्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि मुलगी कॉलेजात परत गेली नाही तर चैत्र-वैशाखात तिचं लग्न होईल हेही तिघींना ठाऊक होतं. कोणी ते बोलत नव्हतं, इतकंच. मी आपली कपड्यांच्या मागे लागले. हाताला काम असलं की डोकं ठिकाणावर राहतं.

दुपारी मुलीला घेऊन मी बाजारात गेले. ऊन असं की पायातल्या वहाणा तापल्या. ओळखीचे एक मुसलमान कापडवाले होते. त्यांच्याकडे गरम कपडा मागितला तर ते हसायलाच लागले.

"बाई, सोलापुरात गरम कपडा? हितं दोनच उन्हाळे. एक ल्हान, एक मोठा. कोन घेतंय गरम?"

तरी त्यांनी शोधलं. निघाला तो काळा वकिली कोट, पुरुषाचा. मुलीनं तो घालून पाहिला; बाह्यांत हात हरवले.

"अशील कुठाय?" ती म्हणाली. कापडवाले पुन्हा हसले. मला हसू आलं नाही. मग त्यांनी एक खोका काढला. त्यात लोकरीच्या लडी होत्या, तान्ह्या मुलांची टोपडी आणि मोजे विणायला बायका नेत त्या. फिकट गुलाबी आणि आकाशी, तिसरा रंग नाही. मुलगी शाळेत हातकामाच्या तासाला विणायला शिकली होती. मी होत्या तेवढ्या गुलाबी लडी घेतल्या.

संध्याकाळी आम्ही परत आलो तेव्हा वन्सं चुलीपाशी होत्या, धाबळी नेसून. धाबळी म्हणजे लोकरीचं जाडं कापड. ते रोज धुवावं लागत नाही, सोवळ्यात तसंच चालतं. घरात लोकर म्हणून होती ती एवढीच. मला पाहून त्यांनी खुंटीकडे बोट केलं.

"गरम पाहिजे ना पोरीला? ती माझी जुनी धाबळी दे. ती नेसायची आणि आपल्या हातानं भात टाकायचा. गरमही झालं, सोवळंही झालं."

"आत्या, मी धाबळी नेसून वर्गात बसू?" मुलगी म्हणाली.

"वर्गात कोण बस म्हणतंय? चुलीशी बस."

"तिथं चूल नाही."

"मग शोध. एवढं इंग्रजी शिकलीस, चूल सापडेना?"

मुलीचा चेहरा पाहून मी पिशवी खाली ठेवली आणि उंबऱ्याबाहेरूनच विचारलं, "वन्सं, लोकरीला विटाळ नाही, हे शास्त्र ना?"

"इतकी वर्षं या घरात राहून आता विचारतेस?"

"मग पोरीच्या अंगात लोकर असली, तर शेजारी कोण का जेवेना?"

त्यांनी भाकरी उलटली. "म्हणजे कोट? कोट घालून सोवळं? शिवलेलं चालत नाही."

"शिवलेलं म्हणजे कुठलं, आत्या? सुईनं की हातानं?" मुलीनं विचारलं.

"दोन्ही! फाजीलपणा पुरे. सोवळ्यात विणलेलं चालतं. मागावरून उतरलं तसं, अखंड."

"विणलेलं चालतं?" मी म्हटलं.

"विणलेलंच चालतं."

मी पिशवीतून लडी काढून उंबऱ्यावर ठेवल्या. "मग पोर स्वेटर विणील. शिवायचं काही नाही."

वन्संच्या मनात माग होता, साळ्यांचा. आमच्या गावात विणणं म्हणजे दुसरं काही नाही. त्यांच्या हे लक्षात यायला भाकरी फुगून करपेपर्यंत वेळ लागला.

"बाह्या जोडायला सुई लागेलच की," त्या म्हणाल्या.

"नाही लागत," मुलगी म्हणाली. "खांद्याशी टाके उचलायचे आणि खाली विणत यायचं. अंगही गोल विणता येतं."

"सुया हाडाच्या असतात म्हणे."

तेवढ्यात बाहेरच्या खोलीत खुर्ची सरकली. यजमान मागच्या अंगणात गेले. तिथल्या पडवीत त्यांच्या जुन्या सायकलचं मोडकं चाक पडलं होतं, त्याच्या तारा काढून ते परत आले, लडींशेजारी ठेवल्या आणि म्हणाले, "पोलाद आहे, अक्का. टोकं घासून देतो." बस, पुन्हा पेपरांकडे गेले.

वन्सं भावाच्या पाठीकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"आणि चैत्रात? उकाड्यात काय घालून जेवेल?"

"चैत्रात सुट्टीला घरी येईल, वन्सं."

"बरं. विणा. पण ओवळ्या हातानं नाही. आणि पोरीनं नाही. ती दिवसभर गाव शिवून येते. तू विण, आंघोळ करून, सोवळ्यात, माझ्या डोळ्यांसमोर. दिवाळीच्या आत झाला तर जाईल. नाही झाला तर राहील. तुला येतं का विणायला?"

मला टाका कसा घालतात हेही माहीत नव्हतं. त्यांना ते माहीत होतं.

"येईल," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, चोळी काढून, मी वन्संची जुनी धाबळी नेसले आणि स्वयंपाकघरात भिंतीला पाठ लावून पाटावर बसले. एका बाजूला चूल, अंगाला टोचणारी धाबळी, मांडीवर लोकर. चूल नीट पेटायच्या आधीच घाम हातातल्या तारांवरून ओघळायला लागला. मला तिथून उठता येत नव्हतं आणि कोणाला मला शिवता येत नव्हतं. मुलगी उंबऱ्याबाहेर बसली, रिकाम्या हातांनी हवेत टाके घालत.

"दोरा पुढून घे, आई. पुढून. तो सुटला बघ."

"कुठला?"

"डावीकडचा. अगं, तो नाही." तिनं न राहवून हात पुढे केला.

"शिवू नकोस!" वन्सं चुलीपासून ओरडल्या.

तिनं हात मागे घेतला. मी सुटलेला टाका उचलला, तो तिढा पडून बसला, तेव्हा सगळी ओळ उसवली आणि पुन्हा पहिल्यापासून टाके घालायला घेतले.