कॅसेटमधला बी.ए. नवरा

माझं पहिलं लग्न कॅसेटमध्ये लागलं. वरात नव्हती, जेवण नव्हतं, नवरीसुद्धा नव्हती. पण अख्ख्या भिवंडी तालुक्याने ते ऐकलं!

आमची हिराआत्या धवलारीण. आमच्याकडे लग्नाचे विधी होतात ते धवलारणीच्या गाण्यावर. नवरा-नवरीची नावं गुंफत ती धवला गाते, तेव्हा कुठे लग्न लागतं. आत्याचा आवाज आमच्या शेलार गावात सुटला की पलीकडच्या टेमघरच्या म्हशी कान टवकारायच्या! एका कॅसेटवाल्या शेठने तिला गाठलं. पहिलीच कॅसेट, म्हणून घरातला शिकलेला माणूस या नात्याने मी सोबत गेलो. (घरातला कसला, गावातला पहिला बी.ए.! हे मी तेव्हा कुणी न विचारता सांगायचो. अजूनही सांगतो.)

स्टुडिओ म्हणजे भिंतींना गाद्या ठोकलेली खोली. शेजारीच खडखडणाऱ्या लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना. त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत लूम बंद असतील तेवढ्यातच गाणं उरकायचं. लूम थांबले, शेठने हात हलवला... आणि आत्या गप्प!

"काय झालं, आत्या?"

"नवरा कुठं हाय?"

"कुठला नवरा?"

"आरं, समोर नवरा बसल्याबिगर धवला कसा येल? या भिंतीला हलद लावू का?"

शेठ कळवळला. "अरे भाई, तुम ही बैठ जाओ ना!"

बसलो. आत्याने पिशवीतून हळद काढून माझ्या गालाला फासली. (हो, ती घरून हळद घेऊन आली होती!) मी हळूच म्हटलं, "आत्या, नुसतं दिनेश नको. दिनेश बी.ए. म्हण."

"आनि नवरी कोन?"

"कुछ भी डालो, अम्मा!" शेठ ओरडला. "लूम चालू हो जाएगा!"

आत्याने डोळे मिटले आणि शेलारच्या दिनेश बी.ए.चं लग्न कुणा सुमनशी लावून टाकलं.

कॅसेट तुफान चालली! हळदीत तीच, रिक्षात तीच, चहाच्या टपरीवर तीच. लूमवरचे यूपीचे कारागीरसुद्धा 'दिनेश बीए' गुणगुणत तुटलेले धागे जोडायचे. आत्याला गावोगावी नारळ आणि लुगडी. मला एकच प्रश्न. "ही सुमन कुठली रं?" आईनेही एकदा भाकरी थापता थापता विचारलं, "बाबू, खरं सांग. कोनाची पोर?"

मी आत्याला धरलं. "मना काय ठाव?" ती म्हणाली. "सुरात बसली, घेतली!"

तेवढ्यात टेमघरचं स्थळ आलं. मुलगी वनिता. मला बघताक्षणी पसंत. पोह्यांचा पहिला घास घेतला आणि शेजारच्या हळदीत लाऊडस्पीकर सुरू झाला. मुलीच्या वडिलांनी कान दिला.

"हे तुम्हीच का?"

"छे! शेलारात दिनेश पुष्कळ आहेत."

"आनि बी.ए. किती हायत?"

शिकल्याचा पश्चात्ताप मला आयुष्यात तेवढा एकदाच झाला! वडिलांनी माझ्यापुढची पोह्यांची बशी उचलली. मी धावत जाऊन आत्यालाच घेऊन आलो.

"भाऊ," आत्या उंबऱ्यातूनच गरजली, "पोर कोरा हाय! माझ्यासमोर दुसरा कोन न्हवता, म्हून याचं लगीन लावलं. शेठ बसला असता त त्याचं लावलं असतं!"

आतून हसण्याचा आवाज आला. वनिता बाहेर आली. "बाबा, मी लग्न करते. पण मांडवात कॅसेट नको. आत्यांनी स्वतः माझं नाव घेऊन गायचं."

ठरलं. बशीही परत आली.

लग्नाच्या दिवशी मांडव गच्च. आत्याने सूर लावला, "नवरी वनिताऽऽ..." पण कॅसेट ऐकून ऐकून सगळ्या बायकांना धवला तोंडपाठ! अख्खा मांडव एका सुरात गर्जला, "सुमन गोऽऽ!" आत्याने पुन्हा वनिता म्हटलं, मांडव पुन्हा सुमन! मुंडावळ्यांतून वनिताने माझ्याकडे असं पाहिलं, की हळदीचा रंग उतरला!

सुमन कोण, हे आजतागायत आमच्या घरात कुणाला कळलेलं नाही. मात्र त्या मांडवात एकाही बाईने 'बी.ए.' म्हणताना चूक केली नाही, हे मी दर भांडणात वनिताला अभिमानाने ऐकवतो.

ती शांतपणे म्हणते, "मग चहाही सुमनकडेच मागा."