साडेसहा मीटर, चार चाकं आणि आईंचे पाय

माझ्या सासूबाईंचे पाय लांब आहेत, म्हणून आम्ही साडेसहा मीटरची कॅरव्हॅन घेतली.

हे ऐकून लोक हसतात. पण गेल्या हिवाळ्यात आई देवरुखहून बहरीनला आल्या, तेव्हा आमच्याकडे जुनी, दोन चाकांची, काडेपेटीएवढी कॅरव्हॅन होती. इथे थंडी पडली की निम्मं बहरीन सखीरच्या वाळवंटात राहायला जातं, तसे आम्हीही गेलो. त्या कॅरव्हॅनमध्ये जेवणाचं टेबल खाली पाडलं की त्याचाच पलंग व्हायचा. आई त्यावर गुडघ्यापर्यंत मावल्या. उरलेले पाय पडद्याबाहेर, स्वयंपाकघरात! (स्वयंपाकघर म्हणजे एक शेगडी आणि माझा उजवा हात.) सकाळी चहा टाकायला गेले आणि त्यांच्या अंगठ्याला अडखळले.

"असू दे गं," पडद्याआडून आवाज आला, "व्हिसा फक्त माझाच होता. पायांचा नव्हता."

ते माझ्या मनाला लागलं. मी याद्या करणारी बाई आहे. शाळेच्या ऑफिसात माझ्या यादीशिवाय खडूसुद्धा हलत नाही, आणि माझ्याच सासूबाईंचे पाय नियोजनातून सुटावेत?

म्हणून यंदा आई पुन्हा येणार म्हटल्यावर मोठी कॅरव्हॅन. प्रत्येक बाजूला एकामागे एक दोन चाकं, आत चार कायमचे पलंग, पूर्ण लांबीचे. मी तर चिठ्ठ्याही चिकटवायला तयार ठेवल्या होत्या: 'आई', 'संदीप', 'ईशा', 'ओम'. फक्त ती मिळायला उशीर झाला. आईंचं परतीचं विमान रविवारी होतं, आणि कॅरव्हॅन आली शुक्रवारी सकाळी. म्हणजे पाय पसरायला एकच मुक्काम.

विकणारा म्हणाला होता, थेट सखीरला पोचवतो. मी म्हटलं, छे! नव्या गाडीची पूजा दारात होते.

"माधवी, आपली गल्ली पुढे बंद आहे," संदीप म्हणाला. (हा माझा नवरा. अस्करच्या कारखान्यात इंजिनियर. तिथे म्हणे अजस्र यंत्रं हलवतो. घरी खुर्चीवरून हलत नाही.) "आत येईल. बाहेर कशी काढायची?"

"जुनी कशी काढायचो? संतोष आणि त्याचे तीन मित्र. आपली जीप सोडायची, दांडा धरायचा, हाताने फिरवायची. यादीत आहे. क्रमांक चौदा."

संदीपने तोंड उघडलं आणि मिटलं. आमच्या लग्नाला एकवीस वर्षं झाली आहेत.

नऊ वाजता आमच्या जीपमागून उम्म अल हस्समच्या आमच्या गल्लीत ती शिरली आणि गल्ली संपली! एका बाजूला आमची इमारत, दुसऱ्या बाजूला अबू युसूफ यांच्या घराची भिंत, मध्ये आमचं हे पांढरं शुभ्र जहाज. आईंनी ओवाळलं, नारळ फुटला. चाकांखाली लिंबं ठेवायची वेळ आली.

"दोनच आणलीस?" आईंनी विचारलं.

"यादीत दोनच होती." (यादी जुन्या कॅरव्हॅनचीच होती. वरचं नाव तेवढं बदललं होतं.)

"अगं, चाकं चार आहेत!"

आमचा धाकटा ओम धावत वर जाऊन फ्रिजमधून दोन लिंबं घेऊन आला, त्यातलं एक अर्धं कापलेलं. देवाला मला याहून स्पष्ट सूचना देणं शक्य नव्हतं. पण मी लिंबापुढे खूण करून पुढच्या मुद्द्यावर गेले.

आई हळदकुंकू घेऊन आत गेल्या, स्वस्तिक काढायला. मी इकडे चौदाव्या क्रमांकाला सुरुवात केली.

संतोष मूळचा खेडचा, इथे पिकअप चालवतो. त्याने आणि मित्रांनी पोटभर कांदेपोहे खाल्ले, दांडा धरला. "एक, दोन, यल्ला!"

काही झालं नाही.

"यल्ला!"

संतोषची चप्पल तेवढी तुटली.

"वहिनी, ही रुसलीय हो. जागची हलत नाय!"

"हलणार नाही," संदीप म्हणाला. "एकामागे एक दोन चाकं आहेत. सरळ जायला तयार, वळायला नाही. वळताना दोघं एकमेकांना अडवतात."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"सांगत होतो. तू म्हणालीस, यादीत आहे."

आता एकच मार्ग, जीप जोडून मागे मागे जायचं. संदीपने स्टिअरिंग डावीकडे फिरवलं, कॅरव्हॅन उजवीकडे गेली. त्याने उजवीकडे फिरवलं, ती डावीकडे गेली. मी समोरून हात करत होते, संतोष मागून ओरडत होता, आणि आमच्या दोघांचं एकदाही एकमत झालं नाही. दहा मिनिटांत ती गल्लीत आडवी झाली. दार भिंतीला चिकटलं, जीपचं नाक कचऱ्याच्या पेटीत, आणि आतल्या बाजूला अकरा गाड्या कोंडल्या!

गॅलरीतून माझी पंधरा वर्षांची ईशा म्हणाली, "आई, द होल बिल्डिंग इज वॉचिंग."

"मग तू खाली ये!"

"नो, थँक यू."

अकरा वाजले. जुम्म्याच्या नमाजाची वेळ जवळ येत होती. एकेक शेजारी पांढराशुभ्र झगा घालून, अत्तर लावून खाली येई, आपल्या कोंडलेल्या गाडीकडे बघे, मग माझ्या हातातल्या वहीकडे बघे. शेवटी सत्तरीचे अबू युसूफ बाहेर आले.

"मॅडम, ये क्या है? घर के बाहर घर?"

"सॉरी अंकल! बस, पाँच मिनट."

"कौन सा पाँच मिनट? इंडियन, या बहरीनी?"

आणि तेव्हा मला आठवलं. आई! घरात नव्हत्या. जिन्यात नव्हत्या. त्या आत होत्या, आणि दार चार बोटांपलीकडे उघडत नव्हतं.

"आई! घाबरू नका!"

उत्तर नाही. दोन दिवसांनी ज्यांना विमानात बसवायचं, त्यांना मी शेजाऱ्याच्या भिंतीत चिणून ठेवलं होतं! संतोषच्या खांद्याचा आधार घेत खिडकीशी चढले, काचेला नाक लावलं.

आई 'आई' लिहिलेल्या पलंगावर झोपल्या होत्या. पाय सरळ. टाचेपलीकडे अजून वीतभर जागा शिल्लक. आणि घोरणं असं, की काच थरथरत होती.

अबू युसूफही टाचा उंचावून डोकावले. "अम्मा सो गया," ते हळूच म्हणाले, आणि वळून साऱ्या गल्लीवर गरजले, "हॉर्न मफी! अम्मा सो रही है!" (मफी म्हणजे इथल्या बोलीत 'नाही'.)

मग त्यांनी संदीपला जीपमधून उतरवलं. "मेरा बोट है. उसका गाडी को भी चार चक्का. हर हफ्ता समंदर में उतारता हूँ, उलटा. ये भी बोट है. खाली पानी मफी."

झग्याच्या बाह्या सारून ते बसले. स्टिअरिंगला दोन बोटं लावून थोडं इकडे, थोडं तिकडे, आणि ते जहाज लोण्यातून सुरी निघावी तसं मागे मागे रस्त्यावर आलं. चार मिनिटं. (बहरीनी.)

"खलास," म्हणाले आणि नमाजाला गेले. संदीप कचऱ्याच्या पेटीकडे बघत राहिला.

दार उघडलं. आई डोळे चोळत आल्या. "आलं का वाळवंट?"

"नाही आई. कोपऱ्यावरचं कोल्ड स्टोअर आलंय." (इथे किराणा दुकानाला कोल्ड स्टोअर म्हणतात.)

"बरं. पण हा ड्रायव्हर सोडू नकोस हो. संदीपसारखे गचके देत नाही!"

त्यांना जीपमध्ये बसवून आम्ही निघालो आणि दुपारी सखीरला टेकलो. पुढचं सगळं यादीबरहुकूम झालं. पिठलं-भाकरी, शेकोटी, आईंच्या देवरुखच्या गोष्टी. शेवटी सगळे आपापल्या नावाच्या पलंगावर गेले.

सकाळी आई चहाला उठल्या आणि स्वयंपाकघरात कशाला तरी अडखळल्या.

"अगं बाई! माधवी, हे तुझे पाय का?"

"हो आई." मी टेबलावर होते. म्हणजे टेबलाच्या पलंगावर. गुडघ्यापर्यंत.

आईंनी पलंग मोजले, चिठ्ठ्या वाचल्या, आणि हसता हसता तिथेच खाली बसल्या. मग माझ्या गार पावलांवर आपली शाल पांघरून म्हणाल्या, "असू दे. पुढच्या वर्षी तुझ्या पायांचाही व्हिसा काढू."

मला भरून आलं. चूक कळली की ती तिथल्या तिथे सुधारायची, हा माझा नियम आहे. तशीच उठले, वही काढली आणि ठळक अक्षरात लिहिलं: लिंबं, चार.