वाफेची वाट

हे बोटीवर इंजिनीयर होते. लग्नानंतरची बरीच वर्षं ते समुद्रावर आणि मी गावी पावसला, आंब्याच्या कलमांच्या बागेत. पंप, पाइप, फवारणी, गडीमाणसं सगळं मी बघायचे. ते निवृत्त होऊन कायमचे घरी आले तेव्हा वाटलं, आता बोलायला माणूस मिळालं. काही वर्षं मिळालंही. मग त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, पाय काठीच्या आधाराने चालता झाला, पण बोलणं परत आलं नाही. ‘हो’ एवढा एकच शब्द उरला. चहा हवा का विचारलं तरी हो, नको का विचारलं तरी हो. सुरुवातीला मी त्यातून अर्थ काढायचे. पुढे विचारणंच कमी केलं.

व्यायाम शिकवायला रत्नागिरीहून येणाऱ्या बाईंनी एकदा सुचवलं की यांच्या आवडीची एखादी वस्तू समोर ठेवून बघा. म्हणून मी कपाटातलं छोटं वाफेचं इंजिन काढलं. कुठल्याशा परदेशी बंदरातल्या जुन्या बाजारात त्यांना ते मिळालं होतं. वीतभर उंचीचं, पितळी, शेजारी शेजारी दोन सिलिंडर, एक बारीक आणि एक जाड. झटका येण्याआधी त्यांनी ते दुरुस्तीला घेतलेलं होतं. त्याची झाकणं आणि स्क्रू एका डब्यात तसेच पडले होते.

पडवीत त्यांच्या खुर्चीपुढे टेबल मांडून मी इंजिन ठेवलं. त्यांनी एकदा पाहिलं आणि रस्त्याकडे तोंड केलं. उचलून परत कपाटात ठेवणंही जिवावर आलं. मग वाटलं, आपणच जोडून बघू.

पूर्वी एकदा त्यांनी मला ते समजावलं होतं. वाफ आधी बारीक सिलिंडरात काम करते, तिथून बाहेर पडली की उरलेल्या जोरावर जाड सिलिंडर ढकलते. जाड कशाला, असं मी विचारलं होतं. “दमलेल्या वाफेला जागा जास्त लागते,” ते म्हणाले होते. पण ती एकातून दुसऱ्यात जाते कुठून, ते मी तेव्हा विचारलं नव्हतं आणि आता विचारून उपयोग नव्हता. बाहेरून जोडणारी नळी कुठेच दिसत नव्हती.

प्रत्येक सिलिंडरच्या कडेला एक सपाट तोंड होतं आणि त्यावर तीन खाचा. ठिबकची बारीक नळी खाचेवर दाबून मी फुंकायला लागले. वरच्या खाचेत फुंकलं की वारा सिलिंडरच्या वरच्या टोकाला निघे, खालच्या खाचेतला खालच्या टोकाला. मधली खाच वापरलेली वाफ बाहेर जाण्याची असणार. फुंकणारा एक आणि दुसरीकडे बोट धरणारा एक, असं हे दोघांचं काम. मी यांचा डावा हात उचलून जाड सिलिंडरच्या एका भोकावर ठेवला, फुंकलं आणि विचारलं, वारा लागतोय का? हो म्हणाले. मग न फुंकताच विचारलं. तरीही हो. मी त्यांचा हात हळूच त्यांच्या मांडीवर ठेवला. मग आत जाऊन वाटीत साबणाचा फेस केला आणि तो भोकाभोकांवर लावून एकटीच फुंकत बसले. जिथे बुडबुडा येईल तिथे वाट.

जाड सिलिंडरच्या मधल्या खाचेची वाट मागच्या भोकातून सरळ बाहेर निघाली. बारीक सिलिंडरच्या मधल्या खाचेत मात्र कितीही फुंकलं तरी बुडबुडा कुठेच येईना. बागेतला पाइप तुंबला की मी काठी घालून बघते, तशी खराट्याची हीर काढून आत सारली. थोडी गेली आणि अडली. बाहेरून मापून पाहिलं तर ती दोन सिलिंडरांच्या सांध्यापाशी अडत होती.

सांधा उघडायला धीर होत नव्हता. मुलाला फोन केला. तो म्हणाला, आई, उगाच खटाटोप करू नकोस, मी आलो की बघू. तो कधी येणार ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सांधा उघडला. दोन्हीकडच्या पितळेत समोरासमोर भोक होतं आणि मधे वाफ गळू नये म्हणून घालतात तसा नवा जाड कागद, बहुतेक यांनी माप बघायला बसवलेला. स्क्रूंची भोकं त्यावर नीट कापलेली, वाफेच्या भोकाच्या जागी मात्र पेन्सिलीने नुसता गोल काढलेला. तेवढं कापायचं राहिलं आणि काम तिथेच थांबलं होतं. मी शिवणाच्या कात्रीने तो गोल कापला.

सगळं जोडून वाफेऐवजी पायाने मारायचा सायकलचा पंप लावला आणि इंजिनाच्या चाकाला बोटाने गती दिली. दोनदा अडखळून इंजिन फिरायला लागलं. मी पंप मारत होते, एवढ्यात यांनी डावा हात पुढे केला आणि जाड सिलिंडरच्या मागच्या भोकावर अंगठा दाबला. चाक थांबलं. अंगठा काढला, तसं मी चाकाला बोट लावताच ते पुन्हा फिरलं. वापरलेला वारा बाहेर पडायचं तेवढं एकच भोक होतं. बाकीच्या भोकांकडे त्यांचा हात गेला नव्हता.

“तुम्हाला वाट ठाऊक होती?” मी विचारलं.

“हो,” ते म्हणाले.

त्या ‘हो’वर किती विसंबायचं, मला आजही कळलेलं नाही. मी पुन्हा विचारलं नाही. तेही पुन्हा रस्त्याकडे बघायला लागले होते.

संध्याकाळी मुलाला व्हिडिओ कॉलवर इंजिन फिरवून दाखवलं. छान म्हणाला, आणि बाबांचं बीपी किती आहे ते विचारलं.

इंजिन आता पडवीतच असतं. दुपारी जेवणं झाली की मी कधीकधी पंप मारते. हे कधी बघतात, कधी खुर्चीतच झोपतात. झोपले तरी मी लगेच थांबत नाही. पाय दुखेपर्यंत मारत राहते, घरात तेवढीच काहीतरी टकटक.