पाण्याचा उपास

कुंदाताई भेटल्या की आधी पाणी, मग नमस्कार. नेरूळला आमच्या रक्ततपासणीच्या खोलीबाहेर बाकावर बसलेल्या प्रत्येकाला त्या आपल्या स्टीलच्या बरणीतून पेला भरून द्यायच्या आणि तो रिकामा होईपर्यंत समोरून हलायच्या नाहीत. "पेऊन घ्या जी, गप्पा काही पळून नाही जात." एकदा घाईत निघालेल्या मोठ्या डॉक्टरांनाही त्यांनी असंच थांबवलं होतं. मला मनातून फार बरं वाटलं होतं.

पण पहिल्यांदा रक्त द्यायला आल्या तेव्हा याच बाईंनी मला घाम फोडला होता. कुंदाताई मूळच्या गडचिरोलीकडच्या, उलव्यात पोळीभाजी केंद्र चालवायच्या. त्यांना सिकलसेल, आणि त्यांच्या मुलीला, पूजालाही. या आजारात लाल पेशी कोयत्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं फोडून काढणारी कळ येते. पाणी कमी पडलं की हे आणखी वाढतं. अशा रक्तात साखर कशी जळते, कोणते घटक कमी पडतात, हे आम्ही तपासत होतो. त्यासाठी सकाळी अनशापोटी रक्त लागायचं. पाणी मात्र भरपूर प्या, असं मी त्यांना चांगलं बजावलं होतं. बाईंनी मान डोलावली आणि घरी जाऊन कडक निर्जळी धरली. सकाळी रक्त दिलं, उठल्या आणि गुडघे धरून खालीच बसल्या.

सलाईन लागल्यावर मी चिडून जाब विचारला, तर म्हणाल्या, "पोरीसाठी धरला जी उपास. तिचं औषध निघावं म्हनून. मग पानी पिऊन कसा धरू?"

मी कपाळाला हात लावला. कळ आलेल्या दिवसाचं रक्त आमच्या अभ्यासात चालत नाही, असं मी सांगितलं, तेव्हा मात्र त्यांचा चेहरा पडला. फेकू नका, कशाच्या तरी कामात येईल, अशी त्यांनी गळच घातली. मी ती नळी फ्रीजरमध्ये ठेवून दिली.

त्या पूर्ण बऱ्या झाल्यावर पुन्हा रक्त घेतलं, या खेपेला माझ्यासमोर पाणी पाजून. मग दोन्ही नळ्या तपासून निकाल शेजारीशेजारी दाखवले. रक्तवाहिन्या सैल राहायला जो घटक लागतो, तो कळेच्या दिवशी पार तळाला गेला होता. सगळं खापर एकट्या पाण्यावर फोडता येणार नाही, हेही मी सांगितलं. कुंदाताईंनी दोन्ही कागद जवळ ओढले. मग हळूच म्हणाल्या, "पूजा शाळेत पानी पेतच नाही, मॅडम. संडास घान आहे म्हनते."

शाळा सुरू झाली की पोरीचं दुखणं का वाढतं, याचा आम्हाला तोवर पत्ताच लागला नव्हता. दुसऱ्या दिवशी बाई शाळेत हजर. भांडल्या नाहीत. मुख्याध्यापिकेच्या टेबलावर बरणी ठेवली आणि शिक्षकांचं स्वच्छतागृह पोरीला वापरू देईपर्यंत उठत नाही म्हणाल्या. परवानगी मिळाली. गोळ्या चालू होत्याच. आता त्यांना पाण्याची जोड मिळाली आणि पूजाचे दवाखान्यातले मुक्काम हळूहळू कमी झाले.

यंदा पूजाला नागपूरला नर्सिंगला प्रवेश मिळाला. कुंदाताईंनी केंद्र आवरलं आणि तिच्यासोबत निघाल्या. जाण्याआधी दोघी आमच्याकडे शेवटचं रक्त द्यायला आल्या. आता बाकावर पाणी कोण पाजणार, या विचाराने मला खरोखर वाईट वाटत होतं. रक्त घेऊन झाल्यावर मी नाश्त्याची बशी पुढे केली, तर कुंदाताईंनी ती पूजाकडे सरकवली. म्हणाल्या, आज त्यांचा उपास आहे, पोरीच्या नव्या जागेसाठी.

माझ्या कपाळावर आठ्या चढलेल्या त्यांनी पाहिल्या. पिशवीतून बरणी काढली आणि माझ्यासमोर उलटी धरली. थेंब पडला नाही.

"सकाळपासून पेऊन राहिली, जी. देवाले सांगून दिलं, पानी चालते म्हनून."